फ्रेडरिक डग्लस आणि एक कठीण शब्द

इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या खेड्यांतील तरुणांचा एक नेम आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिला आहे. ते एक वही करितात. डाव्या बाजूस कठीण इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूस कोशांतून उतरून घेतलेला अर्थ, अशीं पानांचीं पानें भरितात, आणि रात्रीं दिव्यापाशीं बसून तीं पाठ करितात. हा उद्योग चांगला आहे. परंतु पाठ केलेला शब्द आठ दिवसांत विसरतो, आणि विसरला नाहीं तरी वाचतांना किंवा बोलतांना उपयोगीं पडत नाहीं, अशी तक्रारही आमच्या कानीं येते. कोशांत एका कठीण शब्दाचा अर्थ पाहावा, तर तेथें दुसरा तितकाच कठीण शब्द येऊन बसलेला असतो. मग मनुष्य निराश होतो आणि कोश मिटून ठेवितो.

अशा वाचकांपुढें आज आम्ही एका थोर पुरुषाचें चरित्र ठेवीत आहों. हा पुरुष अमेरिकेंत गुलाम म्हणून जन्मला. त्यास शाळा नव्हती, वही नव्हती, आणि शिकवूं पाहणाराला मनाई होती. बारा वर्षांच्या सुमारास त्याच्या कानीं एक कठीण इंग्रजी शब्द पडला. त्यानें तो कोशांत पाहिला, पण कोशानें त्यास कांहींच उलगडा करून दिला नाहीं. तरी त्यानें तो शब्द सोडला नाहीं. त्या शब्दाचा अर्थ त्यास कसा सांपडला, आणि सांपडल्यावर त्यानें त्याचें काय केलें, हें ह्या चरित्राचें सार आहे. त्या पुरुषाचें नांव फ्रेडरिक डग्लस.

जन्म व बालपण

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेरीलँड नांवाचें राज्य आहे. तेथील टॅल्बट परगण्यांत, टकाहो नांवाच्या ओढ्याच्या आसपासच्या शेतवाडींत फ्रेडरिकचा जन्म झाला. त्याच्या धन्याच्या हिशेबाच्या वहींत ह्या जन्माची नोंद १८१८ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत आहे. परंतु ती वही गुलामानें पाहण्यासारखी नव्हती, आणि आपलें खरें वय किती हें त्यास जन्मभर निश्चित कळलें नाहीं. बैलाचें वय धन्यास ठाऊक असतें, बैलास नसतें. तशीच ही गोष्ट होती.

त्याच्या आईचें नांव हॅरिएट बेली. मूल तान्हें असतांनाच तिला दूरच्या शेतावर कामास पाठविण्यांत आलें. दिवसभर शेतांत राबून ती रात्रीं बारा मैल चालत मुलास भेटावयास येई, त्यास जवळ घेऊन निजवी, आणि पहाटे कामावर हजर राहिलें पाहिजे म्हणून तो जागा होण्यापूर्वींच परत जाई. अशा भेटी चार-पांचच झाल्या असतील. फ्रेडरिक सात वर्षांचा असतां ती मरण पावली. ह्या आईस वाचतां येत होतें, हें त्यास पुष्कळ वर्षांनीं कळलें. त्या भागांतील गुलामांत ही विद्या असलेली ती एकटीच होती. ती कोठें शिकली, हें कोणी सांगूं शकलें नाहीं. परंतु आपणांस अक्षरांची जी आवड लागली ती आपल्या ह्या काळ्या आईचीच देणगी, असें तो पुढें अभिमानानें सांगत असे.

मुलाचें संगोपन त्याची आजी बेट्सी हिनें केलें. सहा वर्षांचा झाल्यावर धन्याच्या आज्ञेवरून तिनेंच त्यास मोठ्या वाड्यावर नेऊन सोडलें आणि ती त्यास न सांगतां निघून गेली. तेथें गुलामांच्या मुलांस अंगांत घालावयास एक लांब सदरा आणि जेवावयास लाकडी डोणींत ओतलेली मक्याची कण्हेरी मिळे. मुलें तिच्याभोंवतीं बसून शिंपल्यांनीं खात. जो जलद खाई त्याचें पोट भरे.

बॉल्टिमोर शहर आणि पहिलीं अक्षरें

१८२६ सालीं फ्रेडरिकचें नशीब पालटलें. बॉल्टिमोर शहरांत ह्यू ऑल्ड नांवाचा जहाजें बांधणारा एक कारागीर राहत होता. त्याच्या लहान मुलास सांभाळण्यासाठीं फ्रेडरिकला तिकडे पाठविलें. ह्यूची पत्नी सोफिया हिनें पूर्वीं कधीं गुलाम ठेविला नव्हता. ती कष्टानें पोट भरणाऱ्या घरांतील स्त्री होती, आणि मनानें मायाळू होती. नवरा घरीं नसला म्हणजे ती पवित्र शास्त्र मोठ्यानें वाचीत असे. कागदावरील काळ्या खुणांतून हे शब्द कसे निघतात, ह्याचें त्या मुलास मोठें नवल वाटे. एके दिवशीं धीर करून त्यानें धनिणीस विनंति केली कीं, मलाही वाचावयास शिकवा. तिनें आनंदानें मूळाक्षरें शिकविलीं, आणि थोड्याच दिवसांत तो तीन-चार अक्षरांचे शब्द जुळवूं लागला. तिला त्याचें इतकें कौतुक वाटलें कीं तिनें तें नवऱ्यास सांगितलें.

ह्यू ऑल्डनें तें ऐकतांच शिकविणें बंद करविलें. गुलामास वाचतां आलें म्हणजे तो गुलाम म्हणून निरुपयोगी होतो, तो असंतुष्ट होतो, आणि त्यास पुढें कोणी अडवूं शकत नाहीं, असें त्यानें बायकोस समजाविलें. हें बोलणें मुलाच्या समक्षच झालें. ह्यूनें तें बायकोसाठीं सांगितलें, परंतु त्याचा खरा उपयोग त्या आठ-नऊ वर्षांच्या मुलानें केला. गोऱ्या मनुष्यानें काळ्या मनुष्यास कशाच्या बळावर बांधून ठेविलें आहे, हें कोडें त्यास तोंवर सुटलें नव्हतें. तें त्या घटकेस सुटलें. ज्या गोष्टीचें धन्यास एवढें भय वाटतें, तोच आपला सुटकेचा मार्ग, हें त्यानें मनांत बांधून ठेविलें.

सोफियाचा स्वभाव मात्र हळूहळू बदलला. दुसऱ्या मनुष्यावर पूर्ण सत्ता चालविण्याची संवय तिच्या मायाळूपणास मारक झाली. पुढें पुढें मुलाच्या हातांत वर्तमानपत्र दिसलें तरी ती धांवून येऊन हिसकावून घेई. गुलामगिरी ही गुलामासच नव्हे, तर धन्यासही बिघडविते, ही गोष्ट फ्रेडरिकनें ह्या घरांत प्रत्यक्ष पाहिली.

आतां गुरु कोठून आणावा? त्यानें रस्त्यावरच्या मुलांस गुरु केलें. निरोप पोंचविण्यास बाहेर पाठविलें म्हणजे तो खिशांत वेब्स्टर ह्यांचें स्पेलिंगचें पुस्तक आणि हातांत पावाचा तुकडा घेऊन निघे. त्या घरांत पाव त्यास पोटभर मिळे. परंतु शेजारचीं कित्येक गोरीं मुलें गरिबीमुळें उपाशी असत. तो त्यांस भाकर देई आणि त्यांच्याकडून शब्द घेई. काम झटपट उरकून वांचलेल्या वेळांत हा व्यापार चाले. पुढें आपलें चरित्र लिहितांना त्यानें ह्या मुलांचा उपकार मानला, परंतु त्यांचीं नांवें दिलीं नाहींत. कारण काळ्या मुलास वाचावयास शिकविणें हा त्या भागांत तेव्हांही मोठा दोष समजला जात होता.

लिहिणें तो जहाजांच्या गोदींत शिकला. सुतार लोक ओंडका तासून तयार झाला म्हणजे तो जहाजाच्या कोणत्या भागीं बसवावयाचा, ह्याची खूण म्हणून त्यावर खडूनें अक्षर लिहीत. डाव्या बाजूच्या लाकडावर एल, उजव्या बाजूच्या लाकडावर एस, पुढच्या भागासाठीं एफ, मागच्या भागासाठीं ए. मुलानें तीं अक्षरें पाहिलीं, त्यांचा अर्थ जाणून घेतला, आणि गिरविलीं. नंतर एखादा शाळेंत जाणारा मुलगा भेटला म्हणजे तो म्हणे कीं मलाही तुझ्याइतकें लिहितां येतें. आणि हीं चार अक्षरें काढून त्यास आव्हान देई. तो मुलगा चढाओढीनें आणखी अक्षरें काढून दाखवी, आणि फ्रेडरिक तीं उचली. कुंपणाच्या फळ्या, विटांची भिंत आणि फरसबंदी ही त्याची पाटी झाली, आणि खडू हीच लेखणी. पुढें धन्याच्या मुलाच्या जुन्या वह्यांत ओळींच्या मध्यें जी कोरी जागा उरली होती, तींत तो त्याच अक्षरांची नक्कल करी. अशा रीतीनें कित्येक वर्षांनीं त्याचें अक्षर वळलें.

वाचकांनीं येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. ह्या मुलानें एल हें अक्षर नुसतें अक्षर म्हणून घोकलें नाहीं. तें कोणत्या लाकडावर आहे, तें लाकूड कोठें बसतें, हें पाहून तें शिकला. म्हणून तें त्यास कधीं विसरलें नाहीं.

अबॉलिशन

बारा वर्षांच्या सुमारास बूट पुसून मिळविलेल्या पैशांतून पन्नास सेंट देऊन त्यानें कोलंबियन ऑरेटर नांवाचें पुस्तक विकत घेतलें. केलेब बिंघम नांवाच्या शिक्षकानें शाळांतील मुलांसाठीं भाषणांचा व संवादांचा हा संग्रह १७९७ सालीं केला होता. त्यांत एक धनी आणि त्याचा गुलाम यांचा संवाद होता. गुलाम दुसऱ्यांदा पळण्याच्या प्रयत्नांत सांपडलेला असतो, आणि धनी त्यास जाब विचारतो. धनी जीं जीं कारणें पुढें करितो त्यांचें गुलाम शांतपणें असें खंडन करितो कीं अखेरीस धनी त्यास मुक्त करितो. फ्रेडरिकनें हा संवाद पुन्हां पुन्हां वाचला. जे विचार त्याच्या मनांत मुके होते, त्यांस ह्या पुस्तकानें शब्द दिले.

परंतु शब्द मिळाल्यानें सुख मिळालें नाहीं. ह्यू ऑल्डनें जें भाकीत केलें होतें तेंच खरें झालें. आपण जन्मभर गुलाम राहणार, हा विचार आतां त्यास क्षणभर सोडीना. आपले निरक्षर सोबती निदान स्वस्थ झोंपतात, असें वाटून त्यास कधीं कधीं त्यांचा हेवा वाटे.

अशा मनःस्थितींत तो असतां एक शब्द वारंवार त्याच्या कानीं येऊं लागला. तो शब्द अबॉलिशन. एखादा गुलाम पळून गेला, कोणीं धन्याचें धान्याचें कोठार पेटविलें, किंवा कोणत्याही गुलामानें धन्याच्या मतें मोठा अपराध केला, कीं गोरे लोक आपसांत म्हणत, हें अबॉलिशनचें फळ आहे. तो शब्द उच्चारतांना त्यांच्या तोंडावर राग आणि भीति दोन्ही दिसत. मुलानें ताडलें कीं, ज्या शब्दानें धनी रागावतात त्या शब्दांत आपल्या कामाचें कांहीं तरी असलें पाहिजे.

त्यानें कोश मिळवून तो शब्द पाहिला. कोशांत अर्थ होता तो एवढाच कीं, अबॉलिश करण्याची क्रिया ती अबॉलिशन. अबॉलिश म्हणजे मोडून टाकणें, कायमचें बंद करणें; परंतु काय मोडावयाचें आणि काय बंद करावयाचें, हें कोश सांगेना. कोश खोटें बोलला नव्हता. तरी ज्यास भूक लागली आहे त्यास जेवण म्हणजे जेवण्याची क्रिया असें सांगितलें, तर त्याचें पोट कसें भरावें? आणि कोणास विचारावें तर तेंही शक्य नव्हतें. ज्या शब्दानें धनी चिडतात तो शब्द गुलामाच्या मुलाच्या तोंडून बाहेर पडला, तर त्याचा परिणाम काय होईल हें त्यास ठाऊक होतें.

त्यानें दुसरा मार्ग धरला. तो थांबला, कान उघडे ठेविले, आणि तो शब्द पुन्हां कोठें भेटतो हें पाहूं लागला. कांहीं काळानें शहरांतील एक वर्तमानपत्र त्याच्या हातीं पडलें. त्यांत अशी बातमी होती कीं, उत्तरेकडील राज्यांतून काँग्रेसकडे पुष्कळ अर्ज आले आहेत, आणि राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्यांतील गुलामगिरीचें व राज्याराज्यांमधील गुलामांच्या व्यापाराचें अबॉलिशन करावें, अशी त्यांत प्रार्थना आहे. शब्द तोच होता. परंतु आतां त्याच्या शेजारीं गुलामगिरी हा शब्द बसला होता. जें मोडावयाचें तें हेंच! आपल्या पायांतील बेडी मोडावी म्हणून दूर कोठें तरी माणसें सरकारास अर्ज करीत आहेत, हें त्या मुलास त्या दिवशीं प्रथम कळलें. तोंवर आपण जगांत एकटे आहों असें त्यास वाटत होतें. कोशाच्या दहा पानांनीं जें झालें नसतें तें वर्तमानपत्राच्या एका ओळीनें झालें.

पुढें एकदां धक्क्यावर दोन आयरिश मजूर दगडांची नाव खालीं करीत होते. कोणी न सांगतां मुलानें त्यांस हात लाविला. तूं जन्माचा गुलाम आहेस काय, असें त्यांनीं विचारलें, आणि होय म्हणतांच हळहळून त्यास उत्तरेकडे पळून जाण्याचा सल्ला दिला. कोणी फसविण्यासाठीं बोलत असेल म्हणून त्यानें तेव्हां ऐकलें न ऐकलें असें केलें. परंतु तें शब्द मनांत ठेविले.

गटारांतील पानें आणि रविवारच्या शाळा

ह्याच दिवसांत लॉसन नांवाचा एक वृद्ध काळा गाडीवान त्यास भेटला. हा मोठा भक्तिमान पुरुष होता आणि गाडी हांकतांनाही प्रार्थना करीत असे. त्यास थोडेंसेंच वाचतां येई. कठीण शब्द आला कीं तो अडे. मग फ्रेडरिक त्यास शब्द सांगे, आणि तो फ्रेडरिकास त्या वचनाचें मर्म सांगे. एकाकडे अक्षर होतें, दुसऱ्याकडे अनुभव होता, आणि दोघे एकमेकांचे गुरु झाले. प्रभूनें तुझ्यासाठीं मोठें कार्य ठेविलें आहे, म्हणून वाचन सोडूं नको, असें हा म्हातारा त्यास सांगत असे. पवित्र शास्त्राची प्रत विकत घेण्यास पैसे नव्हते. तेव्हां रस्त्याच्या गटारांत पडलेलीं त्याचीं सुटीं पानें फ्रेडरिकनें वेंचलीं, धुतलीं, वाळविलीं आणि वाचलीं.

१८३३ सालीं त्यास सेंट मायकल्स गांवीं थॉमस ऑल्ड नांवाच्या धन्याकडे परत जावें लागलें. त्यानंतर ह्या धन्यानें एका धर्मसभेंत पश्चात्ताप प्रकट केला, आणि त्याच्या घरीं सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होऊं लागली. आतां तरी तो दयाळू होईल, अशी फ्रेडरिकला आशा होती. ती व्यर्थ ठरली. एका भल्या गोऱ्या तरुणाच्या साहाय्यानें फ्रेडरिकनें गुलामांसाठीं रविवारची शाळा सुरू केली, तेव्हां मंडळीचे पुढारी म्हणविणारे लोकच काठ्या घेऊन आले आणि त्यांनीं ती मोडली. थॉमस ऑल्डही त्यांत होता. ही गोष्ट सांगण्यास दुःख वाटतें, परंतु ती लपविणें योग्य नाहीं. डग्लस यांनीं पुढें आपल्या चरित्राच्या शेवटीं स्पष्ट लिहिलें कीं, गुलाम बाळगणाऱ्यांचा धर्म आणि ख्रिस्ताचा धर्म ह्यांत आपण मोठें अंतर मानितों. दुसऱ्यावर प्रेम आहे म्हणूनच पहिल्याचा तिटकारा आहे.

त्याचा ताठा मोडावा म्हणून १८३४ सालीं त्यास एडवर्ड कोवी नांवाच्या क्रूर शेतकऱ्याकडे एक वर्ष कामास दिलें. तेथें आठवड्यागणिक फटके बसत. एके दिवशीं मात्र सोळा वर्षांच्या फ्रेडरिकनें त्याचा गळा धरिला आणि दोघांची दीर्घकाळ झोंबाझोंबी झाली. त्यानंतर कोवीनें त्याच्या अंगास हात लाविला नाहीं.

पुढच्या वर्षीं विल्यम फ्रीलँड नांवाच्या बऱ्या धन्याकडे असतां त्यानें पुन्हां शाळा काढली. एका मुक्त काळ्या मनुष्याच्या घरीं ती गुप्तपणें भरे. एका वेळीं तेथें चाळीसांहून अधिक स्त्री-पुरुष शिकत होते, आणि त्यांपैकीं कित्येकांस वाचतां येऊं लागलें. सांपडलों तर पाठीवर एकोणचाळीस फटके बसतील, हें जाणून ते येत. आपल्या आयुष्यांतील अतिशय गोड दिवस हेच, असें डग्लस यांनीं पुढें मोठेपणीं लिहून ठेविलें आहे.

सुटका

१८३६ सालीं पळण्याचा पहिला बेत फुटला आणि त्यास तुरुंग पाहावा लागला. नंतर त्यास पुन्हां बॉल्टिमोरास पाठविलें. तेथें तो जहाजांच्या फटी बुजविण्याचें काम शिकला. मजुरी मात्र धनी घेई. १८३८ सालच्या सप्टेंबरच्या ३ तारखेस खलाशाचा वेश करून तो आगगाडींत बसला. जवळ एका मुक्त काळ्या खलाशाचा उसना दाखला होता. त्यांतील वर्णन त्याच्याशीं जुळत नव्हतें, परंतु गाडीवरील अधिकाऱ्यानें त्यावरील सरकारी गरुडाचें चित्र पाहून तो परत दिला. ह्या प्रसंगीं त्याचे गोदींत शिकलेले शब्द कामास आले. जहाजाच्या प्रत्येक भागाचें नांव आणि खलाशांची बोली त्यास मुखोद्गत होती. म्हणून कोणी बोलावयास आला असतां तरी तो खलाशीच वाटला असता. चोवीस तासांच्या आंत तो न्यूयॉर्कास मुक्त भूमीवर पोंचला. ॲना मरे नांवाच्या मुक्त काळ्या स्त्रीनें त्यास ह्या कामीं साहाय्य केलें होतें. ती लवकरच तेथें आली आणि १५ सप्टेंबर रोजीं त्यांचा विवाह झाला.

दोघें न्यू बेडफर्ड शहरीं जाऊन राहिलीं. पळालेल्या गुलामास जुनें नांव धोक्याचें होतें. नेथन जॉन्सन नांवाच्या त्यांच्या यजमानानें सर वॉल्टर स्कॉट यांच्या एका काव्यांतील शूर पुरुषाचें नांव सुचविलें, आणि फ्रेडरिक बेली ह्याचा फ्रेडरिक डग्लस झाला. ज्यास वाचण्याची मनाई होती त्याचें नांवच एका पुस्तकांतून आलें.

शब्दाचें सामर्थ्य

तेथें त्यांनीं विल्यम लॉइड गॅरिसन यांचें लिबरेटर हें गुलामगिरीविरुद्धचें साप्ताहिक घेण्यास आरंभ केला. १८४१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत नॅन्टकेट बेटावरील सभेंत ते प्रथम मोठ्या समुदायापुढें बोलले. आरंभीं त्यांचे पाय कांपत होते. भाषण संपल्यावर त्यांस मॅसॅच्युसेट्स येथील गुलामगिरीविरोधी संस्थेचा वक्ता नेमण्यांत आलें.

आतां एक नवीच अडचण उभी राहिली. डग्लस यांची इंग्रजी इतकी शुद्ध आणि त्यांचा शब्दसंग्रह इतका मोठा होता कीं, हा मनुष्य कधीं गुलाम नव्हताच, असें श्रोते म्हणूं लागले. त्यांच्या स्नेह्यांनीं त्यांस सुचविलें कीं, तुम्हीं बोलण्यांत थोडी गुलामवाडीची बोली ठेवा, आणि नुसत्या घडलेल्या गोष्टी सांगा. त्यांवरील विचार आम्ही मांडूं. डग्लस यांस तें रुचलें नाहीं. जे शब्द त्यांनीं भाकर देऊन मिळविले होते ते कोणाच्या सोयीसाठीं टाकून देण्यास ते तयार नव्हते. त्यांनीं १८४५ सालीं आपलें चरित्र छापलें आणि धन्याचें, गांवाचें, शेताचें खरें नांव देऊन शंका मिटविली. तेणेंकरून धन्यास त्यांचा ठिकाणा लागला. पकडले जाण्याच्या भयास्तव ते आयर्लंड व ब्रिटनकडे गेले आणि तेथें सुमारें पावणेदोन वर्षें राहिले. तेथील मित्रांनीं दीडशें पौंड जमवून धन्यास दिले, आणि १८४६ सालच्या डिसेंबरांत ते कायद्यानें मुक्त झाले.

परत येऊन त्यांनीं रॉचेस्टर शहरांत १८४७ सालच्या डिसेंबरपासून नॉर्थ स्टार हें आपलें वर्तमानपत्र सुरू केलें. उत्तरेकडे पळणारे गुलाम रात्रीं ध्रुवताऱ्यावरून दिशा ओळखीत. म्हणून हें नांव. ज्या मुलास एका वर्तमानपत्राच्या ओळींत आपली आशा सांपडली होती, तो आतां दुसऱ्यांसाठीं तशा ओळी लिहूं लागला. १८४८ सालीं सेनेका फॉल्स येथें स्त्रियांच्या हक्कांसाठीं सभा भरली, तेव्हां स्त्रियांस मत देण्याचा हक्क असावा ह्या ठरावास त्यांनीं जोराचा पाठिंबा दिला.

१८६१ सालीं अमेरिकेंत उत्तर व दक्षिण ह्यांत यादवी युद्ध पेटलें. १८६२ सालच्या एप्रिलच्या १६ तारखेस कोलंबिया जिल्ह्यांतील गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. वाचकहो, मुलपणीं वर्तमानपत्रांत वाचलेली ती ओळ आठवा. तींतील अर्ज ह्याच जिल्ह्याविषयीं होते. पुढील वर्षाच्या पहिल्या दिवशीं अध्यक्ष लिंकन यांनीं बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त केल्याचा जाहीरनामा काढला. डग्लस यांनीं काळ्या लोकांस सैन्यांत येण्याविषयीं आवाहन केलें, आणि त्यांचे दोन मुलगे लुइस व चार्ल्स हे मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणींत दाखल झाले. १८६५ सालच्या डिसेंबरांत राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती मंजूर होऊन सर्व देशांतून गुलामगिरी उठली. कोशांतील ती अपुरी व्याख्या अशा रीतीनें पुरी झाली.

१८७७ सालीं डग्लस यांस त्याच कोलंबिया जिल्ह्याचे मार्शल नेमण्यांत आलें. त्याच वर्षीं ते सेंट मायकल्स येथें जाऊन आपल्या वृद्ध व आजारी जुन्या धन्यास, थॉमस ऑल्ड यास, भेटले; दोघांचेही डोळे भरून आले. १८८९ ते १८९१ पर्यंत ते हैती देशांत अमेरिकेचे वकील होते. १८९५ सालच्या फेब्रुवारीच्या २० तारखेस दिवसां स्त्रियांच्या हक्कांच्या एका सभेस हजर राहून ते वॉशिंग्टन येथील आपल्या घरीं आले, आणि त्याच संध्याकाळीं त्यांचें देहावसान झालें. तें घर व त्यांतील त्यांचा ग्रंथसंग्रह राष्ट्रानें जतन करून ठेविला आहे.

आमच्या महाराष्ट्राचाही ह्या कथेशीं एक धागा जोडलेला आहे. पुण्याचे जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं गुलामगिरी हें आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें अमेरिकेंतील काळ्या लोकांस दास्यांतून सोडविणाऱ्या सज्जनांस अर्पण केलें. समुद्रापलीकडे एक शब्द खरा झाला, आणि त्याचा अर्थ पुण्यास कळला.

असो. आतां आमच्या वहीवाल्या तरुण मित्रांस दोन शब्द. कोश अवश्य पाहावा. डग्लस यांनींही प्रथम तोच पाहिला. परंतु कोशाच्या ओळीवर थांबूं नये. तो शब्द कोण उच्चारतो, कोणत्या प्रसंगीं उच्चारतो, आणि त्याच्या शेजारीं कोणते शब्द बसतात, हें पाहत राहावें. वहींत शब्दापुढें नुसता अर्थ न लिहितां, तो ज्या वाक्यांत भेटला तें सबंध वाक्य लिहावें. तोच शब्द दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा भेटला, तर तींही वाक्यें त्याच्या खालीं लिहावीं. नंतर तो शब्द आपल्या घरांतील किंवा मंडळींतील एका तरी माणसास शिकवावा. कारण शिकविलेला शब्द विसरत नाहीं.

आणखी असें कीं, कठीण शब्द शिकणें ही कांहीं मिरविण्याची गोष्ट नव्हे. पतपेढीच्या कागदावर गॅरंटर ह्या शब्दाखालीं सही करणाऱ्या शेतकऱ्यास त्याचा अर्थ कर्ज काढतांना समजला नाहीं, तर कर्जदार बुडाल्यावर समजतो. आपण जामीन राहिलों होतों, हें त्यास दारीं आलेल्या वसुलीच्या माणसाकडून कळतें. म्हणून ज्या शब्दांनीं आपली जमीन, आपली मजुरी आणि आपलीं मुलें ह्यांचें बरेंवाईट ठरतें, ते शब्द आधीं शिकावे. ज्या गांवांत अशा दहा शब्दांचा अर्थ जाणणारा एक मनुष्य आहे आणि तो शेजाऱ्यांस तो अर्थ फुकट सांगतो, त्या गांवांत फ्रीलँडच्या शेतावरील ती गुप्त शाळा आजही उघडपणें भरते, असें आम्ही समजतों.